ज्याची पत्रं, त्याच्यासोबत

आमच्या माजी सैनिकांच्या संघटनेला ऑफिस नाही. शेलूबाजारला हमरस्त्यालगत आमच्याच पलटणीतल्या एका निवृत्त नाईकाचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत आमच्या तीन काळ्या ट्रंका असतात, तेच आमचं ऑफिस. पुढे कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की मागे आमच्या अंगावर तंतू बसतात आणि बोलायचं तर घसा ताणावा लागतो. दुकानदार म्हणतो, एवढी वर्षं ट्रंका सांभाळल्या, संघटनेनं मला एक तरी फेटा बांधायला पाहिजे होता. तो दर बैठकीत हे म्हणतो आणि दर बैठकीत आम्ही चहा पिऊन उठतो.

मी या संघटनेचा सचिव. पलटणीत क्लार्क होतो म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. फौजेत क्लार्कला सगळे 'बाबू' म्हणतात आणि त्या हाकेत मानापेक्षा थट्टा जास्त असते. आम्ही सरहद्दीवर होतो तेव्हा तू पंचिंग मशीन चालवत होतास, असं मला आजही कोणीतरी ऐकवतं. ऐकून घेतो. पण माझ्या ट्रंकेतला एक कागद वाकडा लावला तर मात्र मी समोरच्याचं वय बघत नाही. माझा स्वभाव तुसडा आहे असं बायको सांगते आणि तिचं खरं आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

ट्रंकांत पत्रं आहेत. आमच्या पलटणीतून निवृत्त होऊन या जिल्ह्यात परतलेल्या माणसांनी संघटनेला लिहिलेली. फोन आला तरी आमच्या म्हाताऱ्यांची लिहायची सवय गेली नाही, कारण फौजेत तक्रार कागदावर असेल तरच तिला तक्रार म्हणतात. एकाचे गुडघे दुखतात, पण त्याला दोष द्यायचा असतो तो उंचावरच्या चौकीतल्या बुटांना. एकाला आपल्या जुन्या कंपनीतला स्वयंपाकी अजून जिवंत आहे का, एवढंच विचारायचं असतं. एकानं सहा पानं भरून लिहिलं होतं की म्हैस व्याली, पारडू गेलं, आणि घरात कोणाला त्याचं काही वाटलं नाही. या पत्राचं संघटनेनं काय करायचं? मी आवक रजिस्टरात चढवलं, विषय लिहिला 'पारडू', आणि त्याच्या पाकिटात ठेवून दिलं. प्रत्येक माणसाचं वेगळं खाकी पाकीट, वर त्याचा फौजी नंबर. ती पत्रं वाचताना मला फार बरं वाटायचं, हे कबूल करतो. समोर बसून ही माणसं एक शब्द नीट बोलणार नाहीत, आणि कागदावर लेकरासारखी मोकळी होतात.

आमचा एक नियम होता. सभासद वारला की त्याची पत्रं कोणी उघडायची नाहीत. पाकीट जसंच्या तसं नाडीनं बांधायचं, अंत्ययात्रेला न्यायचं आणि सरणावर त्याच्या छातीशी ठेवायचं. मग सलाम. सभासद मुसलमान असेल तर पाकीट न उघडता घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातात द्यायचं. याला कारण घडलं होतं. फार पूर्वी एका सभासदाच्या तेरवीला त्याची पत्रं मोठ्यानं वाचली गेली, त्यांत थोरल्या पोराबद्दल दोन कडू ओळी निघाल्या आणि पंगतीतच भाऊ भावावर धावून गेला. तेव्हाच्या अध्यक्षांनी, ते सुभेदार होते, त्याच दिवशी नियम केला: ज्याची पत्रं, त्याच्यासोबत. सगळ्यांना तो पटला. फौजी माणूस रिकाम्या हातानं जात नाही, आपला कागद घेऊन जातो, असं लोक अभिमानानं सांगू लागले. सचिव झाल्यावर हा नियम मी इतका काटेकोर पाळला की चार तालुक्यांत कोणी गेलं तर मी जीप बदलत-बदलत पाकीट घेऊन पोचायचो.

गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारी आली. इंझोरीच्या पुढच्या एका खेड्यातून, दोन जीप बदलून, एकटी. ऐंशीच्या घरातली असावी. दुकानदारानं तिला नव्या गादीवर बसवलं, ती उठून खाली जमिनीवर बसली. तिनं मुलाचं नाव सांगितलं आणि मी ओळखलं. नाव आमच्या पलटणीत सगळ्यांना माहीत होतं, फक्त घेत कोणी नसे.

तो आमच्याच कंपनीतला जवान. तिसेक वर्षांपूर्वी छुट्टीवर गावी आला होता. परत जाताना त्याच्यासोबत पलटणीतलाच एक दोस्त होता, किन्हीराजा गावचा. दोघं अकोल्याला गाडीत बसले. दोस्त पलटणीत पोचला, हा पोचला नाही. दोस्तानं चौकशीत सांगितलं की इटारसीला तो पाणी आणायला उतरला, मला झोप लागली, जाग आली तेव्हा त्याची जागा रिकामी होती. ठरलेल्या मुदतीत तो आला नाही, तेव्हा नियमाप्रमाणे त्याच्या नावापुढे 'भगोडा', म्हणजे फौजेतून पळालेला, असं लागलं. तो कागद मीच टाइप केला होता, कारण कंपनीचा क्लार्क मी होतो. मग गावात फौजदार आला, धान्याच्या कणग्या उलथ्या केल्या, आणि त्या घराला कायमचं ते नाव चिकटलं.

म्हातारीचं म्हणणं असं होतं. गावात शाळेपुढे काळ्या दगडाचा फलक लागणार आहे. गावातून आजवर फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं त्यावर कोरायची आहेत, स्वातंत्र्यदिनाला तो उघडायचा आहे. तिच्या मुलाचं नाव यादीत नाही. सरपंच वाईट माणूस नाही, तिनंच सांगितलं, तो म्हणतो की कागद आण, मी नाव टाकतो. आणि कागद आहे. किन्हीराजाच्या त्या दोस्ताची बायको तिला चार-पाच वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली होती. तिनं सांगितलं की माझ्या मालकानं तुमच्या पोराबद्दल सगळं लिहून संघटनेत ठेवलंय, मला कधी बोलले नाहीत, पण ठेवलंय.

"पयले लोक म्हनत, पयाला," म्हातारी म्हणाली. "मले बरं वाटे. पयाला म्हंजे जिता हाये कुठीतरी. दिवा लावून म्या त्याच्यासाठी हेच मांगलं, की पयालाच असू दे. आता मी जाईन दोन-चार सालात. आता मले तो मेलेला पाह्यजे, भाऊ. गाडीखाली गेला असन, कोनी मारला असन, कसाबी. मेलेला असन तर त्याचं नाव दगडावर येते."

मी असं वाक्य कोणत्याही आईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मशीन बंद होतं. दुकानदार सुईत दोरा ओवत बसला होता, तो ओवतच राहिला.

मी आवक रजिस्टर काढलं. माझ्या हाती आल्यापासूनची सगळी रजिस्टरं माझ्याच अक्षरात आहेत, सापडायला वेळ लागला नाही. किन्हीराजाच्या त्या दोस्ताचा नंबर, पुढे लिहिलेलं: एक बंद पाकीट. विषयाच्या रकान्यात: सोबत छुट्टीवर गेलेल्या जवानाबाबत. मग मला तो दिवस आठवला. दोस्त विषय सांगायला तयार नव्हता, नुसतं ठेवून घे म्हणत होता. मी अडून बसलो होतो, विषयाशिवाय माझ्याकडे कागद चढत नाही. शेवटी भिंतीकडे बघत त्यानं सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

ओळ मी म्हातारीला वाचून दाखवली. तिनं रजिस्टराला हात लावून कपाळाला लावला. मग मी उठून ट्रंक उघडली. एकेक पाकीट काढून बाजूला ठेवू लागलो, पुन्हा आत ठेवू लागलो. तिथं ते पाकीट नाही हे मला ट्रंक उघडण्याआधीच माहीत होतं. किन्हीराजाचा तो दोस्त तीन वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या सरणावर पाकीट मी ठेवलं होतं. वरच्या लाकडांखाली, छातीशी, नीट नाडी बांधून. नंतर सलामही मीच ठोकला होता आणि त्याच्या भावानं माझे आभार मानले होते.

सांगावं लागलं. मी सांगितलं, नियमही सांगितला. बोलताना नियम मला पहिल्यांदाच इतका लांबलचक वाटला.

"कोनी ठेवलं?" तिनं विचारलं.

"म्याच, माय."

"वाचलं नाई?"

"नाई."

"काहून?"

याला उत्तर होतं, ते मी आत्ताच दिलं होतं. ते पुन्हा द्यायची मला लाज वाटली. ती रडली वगैरे नाही. मग तिनं मला नाही, दुकानदाराला विचारलं की आता हे कोणाला विचारायचं. दुकानदार म्हणाला, पाणी प्या आई, आणि स्वतःच आत गेला.

तिला जीपमध्ये बसवून आलो तेव्हा मी दुकानदाराला उरलेलं सांगितलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. किन्हीराजाचा तो दोस्त मरायच्या चारेक महिने आधी या खोलीत आला होता. सुकून गेला होता, दम लागत होता. त्याला त्याचं पाकीट परत पाहिजे होतं. मी म्हणालो, देतो, पण अर्ज लिहून दे, अध्यक्षांची सही घेतो, पुढच्या बाजाराच्या दिवशी ये. तो म्हणाला, माझंच आहे ना रे बाबू. मी म्हणालो, आहे, पण इथं जमा झालेला कागद अर्जाशिवाय जात नाही. त्यानं कोरा कागद घेतला, पेन घेतलं, दोन मिनिटं बसला, आणि 'राहू दे' म्हणून उठला. त्याला ते पाकीट उघडून कोणाला द्यायचं होतं, की फाडून टाकायचं होतं, ते आता कळायला मार्ग नाही. त्यात काय होतं हेही नाही. कदाचित खरंच रेल्वेखाली गेल्याचं असेल. कदाचित दोघांचं भांडण झालं असेल आणि दोस्तानंच काही केलं असेल. किंवा तो पळालाच असेल आणि यानं पळायला मदत केली असेल. मी रात्रंदिवस नवनवीन पत्रं मनात लिहीत असतो आणि एकावरही विश्वास बसत नाही.

दुकानदार सगळं ऐकून म्हणाला, "तू मानूस हायेस का रबरी शिक्का?"

त्याच्यावर चिडायचाही मला हक्क उरला नव्हता.

पंधरा दिवसांनी म्हातारी पुन्हा आली. सरपंचानं अट आणखी सैल केली होती. तो म्हणाला, ते पत्र नसेल तर नसो, संघटनेनं आपल्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्याव्यात, की हा आमचा माणूस होता, छुट्टीवरून जाताना वाटेत मरण पावला असावा. असावा म्हटलं तरी चालेल. सही-शिक्का असला म्हणजे झालं. म्हातारीनं हे सगळं पाठ करून आणलं होतं, शब्द चुकू नये म्हणून सावकाश म्हणत होती.

दुकानदारानं मशीन बंद केलं आणि माझ्यासमोर लेटरहेडचं पॅड आणून आपटलं. "लिहून दे, बाबू. तुह्या बापाचं काय जाते?"

खरंच काही जात नव्हतं. मी लिहायला घेतलं. 'प्रमाणित करण्यात येते की' इथपर्यंत आलो. एवढे चार शब्द मी आयुष्यात इतक्यांदा लिहिलेत की हात आपोआप चालतो. पुढे हात चालेना. ज्या हातानं 'भगोडा' टाइप केलं, त्याच हातानं आता 'मरण पावला असावा' लिहायचं होतं, आणि दोन्हीला माझ्याकडे सारखाच पुरावा होता. म्हणजे पहिल्या वेळीही मला काहीच माहीत नव्हतं, तरी तेव्हा हात अडला नव्हता. तो वरच्यांचा हुकूम होता. हुकूम असला की मला सगळं लिहिता येतं. हुकूम नसताना एका म्हातारीसाठी दोन ओळी लिहायच्या म्हटल्यावर मला पुरावे आठवले, संघटनेच्या शिक्क्याची अब्रू आठवली, उद्या कोणी तक्रार केली तर काय हे आठवलं. याला तत्त्व म्हणतात असं मी त्या दिवशी स्वतःला पटवत होतो. भित्रेपणा म्हणतात.

मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. 'संघटनेच्या आवक नोंदीनुसार सदर जवानाबाबत एक बंद पाकीट प्राप्त झाले होते. सदर पाकीट सध्या उपलब्ध नाही.' खाली सही, शिक्का. अक्षर फार सुबक आलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि एकही शब्द उपयोगाचा नव्हता.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं ते पत्र घडी न करता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं, पिशवी पदराखाली घेतली आणि दुकानदाराला म्हणाली की आता जाते, सरपंच गावात असतानाच पोचायला पाहिजे. तिला आनंद झाला होता. मी तिला थांबवून त्यात काय लिहिलंय ते सांगायला पाहिजे होतं. मूग गिळून बसलो. दुकानदारानं तिच्यामागोमाग जाऊन जीपमध्ये जागा करून दिली आणि परत आल्यावर पिंजायचं मशीन सुरू केलं. दोन दिवसांनी सरपंचाचा फोन आला. माणूस अदबशीर. म्हणाला, साहेब, तुमचं पत्र पावलं, पण याचं मी काय करू? मी म्हणालो, रेकॉर्डप्रमाणे जेवढं देता येतं तेवढं दिलंय. तो बरं म्हणाला आणि मग त्यानं मला फलकाच्या उद्घाटनाला बोलावलं. पाहुणा म्हणून नावं मीच वाचावीत असा गावाचा आग्रह होता. फौजी माणसाच्या तोंडून शोभतं, असं तो म्हणाला.

मी नाही म्हणू शकलो असतो. प्रकृतीचं कारण या वयात कोणालाही देता येतं. पण गेलो, कारण गेलो नसतो तर मला स्वतःकडेच बोट दाखवावं लागलं असतं.

झेंडा झाला. पोरांची भाषणं झाली. फलकावरचा कपडा काढला, काळ्या दगडावर पांढरी अक्षरं, काम चांगलं झालं होतं. सगळ्या जवानांच्या आया, बायका, सुना पुढच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. म्हातारी खुर्चीवर नव्हती. ती शाळेच्या कुंपणापाशी उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून. माझ्या हातात यादी दिली. मी वाचायला लागलो. हुद्दा, नाव, पलटण. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या आणि त्या घरातलं माणूस उठून नमस्कार करत होतं.

यादी संपली तेव्हा मी कागदावरून डोळे वर केले. ती माझ्याकडे बघत होती. माइक माझ्या तोंडाशी होता. तेव्हा मी आणखी एक नाव घेतलं असतं तर कोणी उठून मला अडवणार नव्हतं. सरपंच अडवणार नव्हता. दगडावर नसलेलं नाव हवेत म्हटलं म्हणून कोणाचा दगड फुटत नाही. त्याचा फौजी नंबर मला आजही पाठ आहे, हुद्दा माहीत आहे, त्याला गाता येत होतं हेही माहीत आहे. मी 'जय हिंद' म्हणालो आणि माइक परत दिला.

चहाच्या वेळी ती जवळ आली. लोक मला फोटोसाठी बोलावत होते, ती ते होईपर्यंत थांबली. मग हळू आवाजात, कोणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाली, "भाऊ, दगडावर नाई तं नाई. मले वाटलं, तोंडानं तरी नाव घ्यान तुमी."

ती थोडा वेळ उत्तराची वाट बघत उभी राहिली आणि मग घराकडे गेली.

फेब्रुवारीत ती वारली. निरोप दुकानदाराकडे आला, कारण तिच्याकडे त्याचाच नंबर होता. ती सभासद नव्हती, तिचं पाकीट नव्हतं, न्यायला माझ्याकडे काही नव्हतं, तरी आम्ही दोघं गेलो. परत येताना जीपमध्ये दुकानदार म्हणाला की निदान आता तू हे सगळं कुठंतरी लिहून ठेव, तुला लिहिता येतं. म्हणून बसलो. कागदाला कागद जोडत इथवर आलो. आणि बघा, एवढं सगळं लिहून झालं, तरी त्या पोराचं नाव मी अजून कुठंच लिहिलेलं नाही.